पत्रे उडालेल्या घराची साक्ष

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. रोह्यापासून पेणपर्यंत कौलं, पत्रे, विजेचे खांब पडले आणि कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. टाळेबंदीमुळे उपासना बंद होत्या, प्रार्थना फोनवर चालायच्या. त्या दिवसांत ख्रिस्ती घरांमधून एक साक्ष पुन्हा पुन्हा ऐकू यायची: आजूबाजूची छपरं गेली, पण प्रभूनं आमचं घर राखलं. ही कृतज्ञता खोटी नव्हती. पण तीच साक्ष पत्रे उडालेल्या घरातही कुणी ऐकत होतं. त्यानं काय समजायचं? प्रभूनं त्याला राखलं नाही? की त्याचा विश्वास कमी पडला?

पेण-रोह्याच्या बाजूला ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. अशा ठिकाणी ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य फार खोल लागतं. आजारी माणसाला, नोकरी गेलेल्याला, मूल दगावलेल्या आईला ते धीर म्हणून सांगितलं जातं आणि त्यांच्या दुःखावर अपराधाचं ओझं चढवून जातं. मग ती माउली प्रार्थनेला येते, मान डोलावते, ‘आमेन’ म्हणते. मनातला प्रश्न मात्र घरीच ठेवून येते. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न घरी ठेवायला लावणं हीच आपली मोठी चूक आहे. भीती आणि शंका देवापुढे बोलून दाखवणारा माणूस अविश्वासी नसतो. देव ऐकतो हे त्यानं धरलेलं असतं, म्हणूनच तो बोलतो.

पवित्र शास्त्रात याला आधार शोधत बसावं लागत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांहून अधिक पापी होती का, हा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच काढतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून निकालात काढतो. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. दोन वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, खालापूरची इर्शाळवाडी रात्री झोपेत गाडली गेली. या मृत्यूंचा हिशेब मेलेल्यांच्या श्रद्धेशी जोडणाऱ्यानं लूकचा तेरावा अध्याय पुन्हा वाचावा. आणि तुरुंगात पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विसरू नये. ज्यानं येशूला सगळ्यांच्या आधी ओळखलं, त्यानंच शिष्यांकरवी विचारायला पाठवलं की येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. येशूनं त्याला झिडकारलं नाही. उलट लोकांपुढे त्याचा गौरव केला.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती परंपरेत तर शंकेची मोठी माणसं आहेत, आणि आपण त्यांना नीट ओळखतही नाही. फादर नेहेम्या गोरे हे त्यांपैकी पहिले. नीलकंठशास्त्री गोरे, कोकणस्थ ब्राह्मण, जन्म १८२५ चा, काशीत वाढलेले. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बसले. घरदार तुटलं, पत्नी लवकरच वारली. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांशी वाद घातला. इतका धारदार तार्किक स्वतःच्या श्रद्धेला सूट कशी देणार? त्यांना आयुष्यभर शंकांनी छळलं. ते कौली फादर्स या अँग्लिकन मठसंघात गेले, तिथे उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरचं व्रत त्यांनी घेतलं नाही. १८९५ मध्ये मुंबईत ते वारले, तेव्हा शंका संपलेल्या नव्हत्या आणि येशूला सोडलेलंही नव्हतं. त्यांचं मोठेपण मला इथेच दिसतं. शंका सुटेपर्यंत थांबतो म्हणणाऱ्याला सगळं आयुष्य थांबावं लागलं असतं. गोरे थांबले नाहीत. शिकवत राहिले, लिहीत राहिले, प्रार्थना करत राहिले.

त्यांच्याच लिखाणाची पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळायला मदत झाली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतरही त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांमागून पत्रं लिहिली. बायबलचं म्हणणं मानीन, पण बिशपांचं म्हणणं केवळ ते बिशप आहेत म्हणून मानणार नाही, असा त्यांचा बाणा होता. त्या काळी ही उद्धटपणाची लक्षणं वाटली. पण याच बाईनं १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या, मुक्ती सदन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या; शेवटपर्यंत भाषांतराचं काम हातात होतं. प्रश्न विचारल्यानं त्यांचे हात ढिले पडले नाहीत.

शंकेकडून भीतीकडे वळताना पेण तालुक्यातल्या गागोद्याची आठवण होणं साहजिक आहे. विनोबांचा जन्म तिथला, आणि ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन त्यांचंच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सोळाव्या अध्यायातल्या दैवी गुणांची त्यांनी लावलेली मांडणी मला ख्रिस्ती जीवनालाही लागू वाटते: गुणांच्या सैन्यात अभय सगळ्यांत पुढे उभं आहे आणि नम्रता सगळ्यांत मागे राखणीला. मागची राखण सुटली की अभयाचा अहंकार होतो. व्यासपीठावरून ‘मला भीती कशी ती ठाऊक नाही’ असं गर्जून सांगणाऱ्या उपदेशकाची हीच गत होते. गेथशेमानेत येशूला घाम फुटला होता, प्याला टळावा अशी विनवणी त्यानं केली होती. त्याच्याहून धीट होण्याची आपल्याला गरज नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला मंडळीतून: शंकेला जागा दिली तर लोक तिच्यातच रमतील. हे खरं आहे. काही शंका माणूस आज्ञा पाळायची टाळाटाळ म्हणून पोसतो. क्षमा करायची नसली की त्याला अचानक देवाच्या अस्तित्वाचे प्रश्न पडतात. पण अशी शंका ओळखायची तर ती बोलली जायला हवी. दुसरा आक्षेप बुद्धिवाद्याचा, आणि तो अधिक कठीण आहे: घर वाचलं तरी देव, पडलं तरी देव, मग या विश्वासाला अर्थ काय? देवावरचा विश्वास म्हणजे छप्पर टिकेल असं भाकीत असतं, तर हा आक्षेप बिनतोड होता. पण दानिएलाच्या पुस्तकातले तीन तरुण राजाला सांगतात की आमचा देव सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांचा विश्वास परिणामावर नव्हता. तो एका नात्यावर होता, आणि नातं भाकितानं तपासत नाहीत. बुद्धिवादी मित्राचं यानं पूर्ण समाधान होणार नाही, हे मला मान्य आहे.

भीतीचं एक कामही असतं. पेणच्या खारेपाटात उधाणाच्या भीतीनंच शेतकरी बांधाची डागडुजी करतो. खांड पडली की खारं पाणी भातशेतीत शिरतं. बांध राखणाऱ्याला कुणी अश्रद्ध म्हणत नाही. मग दवाखान्यात जाणाऱ्याला, दरडीच्या इशाऱ्यावर घर सोडणाऱ्याला, मनाचा आजार झाला म्हणून डॉक्टरकडे जाणाऱ्याला तसं का म्हणावं?

विजयावाचून टिकलेल्या विश्वासाचं उदाहरण आपल्या जवळच आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखापाशी कोर्लई हे गाव आहे. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांनी मराठ्यांकडे सोपवलं, सत्ता निघून गेली आणि साधे ख्रिस्ती लोक तिथेच राहिले. ज्या राज्याच्या आश्रयानं त्यांचा धर्म आला होता, ते राज्य उरलं नव्हतं. तरी माउंट कार्मेलच्या चर्चभोवतीची वस्ती टिकली, त्यांची पोर्तुगीज वळणाची बोलीही आजवर टिकली. त्या लोकांजवळ सांगण्यासारखी विजयाची साक्ष काहीच नव्हती.

मंडळीच्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी साक्षीच्या वेळेत ज्याचं घर वाचलं त्याच्याबरोबर ज्याचं घर पडलं त्यालाही बोलू द्या. त्याचं बोलणं ‘पण प्रभू चांगला आहे’ या वाक्यावर संपलंच पाहिजे अशी अट घालू नका. तो रडून थांबला तर थांबू द्या. मग त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि सोमवारी त्याचे पत्रे बसवायला जा.