चुकीसकट

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. मतभेद होतात आणि ते जरा वरच्या पट्टीत मांडले जातात, इतकंच. परवाचा मतभेद मात्र थेट तत्त्वज्ञानापर्यंत गेला. एका बाजूला चिरंजीव, वय वर्षे बेचाळीस, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. दुसऱ्या बाजूला नातू, वय वर्षे नऊ. आणि मध्ये टीव्हीच्या पडद्यावर एक मिशाळ प्लंबर.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ सालचा. निन्टेन्डो कंपनीने तो आपल्या ‘स्विच’ यंत्रावर पुन्हा दिला आहे. खेळ तोच, फक्त एक सोय वाढवली आहे. खड्ड्यात पडलात तर काळ मागे फिरवायचा आणि पडलोच नव्हतो अशा चेहऱ्याने पुढे चालू लागायचं. (खऱ्या आयुष्यात ही सोय फक्त पुढाऱ्यांना आहे.) नातू ती मनसोक्त वापरत होता. चिरंजीव कडाडले, “ही लबाडी आहे! मी तीन महिने त्या खड्ड्यात पडलो, तेव्हा कुठे पलीकडे गेलो!”

“पण बाबा, तू तीन महिने एकाच खड्ड्यात का पडत होतास?” नातवाने विचारलं.

“बाबा, आता तुम्हीच सांगा,” असं म्हणत चिरंजीवांनी खटला माझ्यापुढे आणला. निवृत्त माणसाला हल्ली कोणी काही विचारत नाही; त्यामुळे मी चष्मा पुसून न्यायासनावर बसलो.

माझं पहिलं मत चिरंजीवांच्या बाजूने पडलं. जुन्या वस्तूत चूक कुठली आणि गुण कुठला, हे ठरवणारे आपण कोण? १९७८ साली जपानच्या निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. त्यात शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने अंगावर येतात. ही काही आधी आखलेली युक्ती नव्हती. यंत्र दुबळं होतं. चित्रं कमी झाली की त्याचा भार हलका व्हायचा आणि ते धावायला लागायचं. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं आणि त्या दुबळेपणानेच जगाच्या छातीत धडधड भरवली. उद्या कोणी ‘सुधारणा’ म्हणून तो वेग सारखा केला, तर खेळ निर्दोष होईल आणि मरेल.

पण चिरंजीव ज्याला ‘मूळ’ म्हणत होते ते तरी काय होतं? आम्ही तेव्हा बाजारातून आणलेलं स्वस्त नकली यंत्र, आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट. त्यात खेळ निघाले आठ! म्हणजे त्यांचं मूळ हीच मुळात नक्कल.

आमची चिखली म्हणजे टाळगाव चिखली. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले, अशी श्रद्धा आहे. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली, म्हणतात. जशीच्या तशी परत मिळालेली अशी ती एकच आवृत्ती असावी. बाकी दोन छापील गाथा शेजारी ठेवा, अभंगांची संख्यासुद्धा जुळत नाही. म्हणून काही वारकरी पाठभेदापायी दिंडी थांबवत नाही.

इथे मला माझी स्कूटर आठवली आणि न्यायाधीशच आरोपी झाला. चेतक आली १९७२ साली, आकुर्डीच्या कारखान्यातून. घडण इटलीच्या व्हेस्पावर बेतलेली, म्हणजे तीही अस्सल कुठली! नंतर ती बंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाने विजेवर परत आली. आधी चाकणला, मग २०२२ पासून पुन्हा आकुर्डीलाच बनू लागली. चिरंजीवांनी घेतली तेव्हा मी म्हणालो होतो, “ही कसली चेतक? किक नाही, धूर नाही, आवाज नाही!”

आवाज. खरं दुखणं तेवढंच होतं. माझी स्कूटर गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की आई घरात आधण ठेवायची. मी चपला काढेपर्यंत चहा उकळलेला असे. उद्या कोणी जुनी चेतक नटबोल्टासकट जशीच्या तशी बनवून दिली, तरी कोपऱ्यावरचा आवाज ऐकायला कोण आहे? आणि चिरंजीवांना तरी तो खड्डा कुठे हवाय? त्यांना तीन महिने पडायला वेळ असलेला तो मुलगा हवाय. कुठलीही कंपनी तो परत देऊ शकत नाही. पण त्याची शिक्षा नातवाने का भोगावी?

तेव्हा निकाल असा: जुनं जसं होतं तसं, चुकीसकट, कुठेतरी शिल्लक राहिलं पाहिजे; नाहीतर आम्ही कशात पडलो होतो हे सांगायला पुरावा उरणार नाही. नव्यांसाठी सोय करावी, पण तिचं बटण वेगळं असावं आणि सोय केली आहे हे उघड सांगावं. बदललेल्याला ‘हेच ते जुनं’ म्हणणं ही लबाडी. बटण दाबणं ही लबाडी नव्हे.

निकाल दोघांनाही पसंत पडला नाही. म्हणजे तो योग्य असावा. चिरंजीव म्हणाले, “बाबा, एकदा स्वतः खेळून बघा. बटण न दाबता.”

मी पहिल्याच खड्ड्यात पडलो. दुसऱ्यांदा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा चिरंजीव पाणी प्यायला आत गेले होते.

नातवाने काही न बोलता बटणावर बोट ठेवून दाखवलं.