साधनेतील दाह, कंप आणि दुःख : शंकासमाधान

(पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या इच्छेवरून गाळली आहेत, मजकूर आवश्यक तेवढा आखडला आहे.)

शंका : तालुका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो. एका पुस्तिकेवरून भस्त्रिका आणि कुंभक यांचा अभ्यास गेले काही महिने रोज पहाटे करीत आहे. अलीकडे बैठकीत पाठीच्या कण्यातून ऊन वाफ वर चढल्यासारखी वाटते, हातपाय थरथरतात, रात्री दोन-तीन तासांपलीकडे झोप लागत नाही आणि अन्नावरची वासना उडाली आहे. एक स्नेही म्हणतात, कुंडलिनी जागृत झाली आहे, आता थांबाल तर अनर्थ होईल. घरचे मंडळ म्हणते, हे सारे बंद करा आणि डॉक्टरांकडे चला. कोणाचे ऐकावे?

समाधान : घरच्या मंडळाचे. हा निकाल आधीच सांगून टाकतो, कारण त्याची कारणमीमांसा लांबणार आहे आणि तेवढ्यासाठी आपण आणखी एक रात्र जागून काढावी अशी आमची इच्छा नाही. अंगाचा दाह, हातांची थरथर, निद्रानाश, छातीची धडधड आणि वजन उतरणे ही लक्षणे गळ्यातील थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली म्हणजेही उद्भवतात, आणि तिचा छडा रक्ताच्या एका साध्या तपासणीने लागतो. शिवाय जलद व जोरदार श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरला की बोटांना मुंग्या येणे, हातपाय आखडणे, घेरी येणे हे प्रकार धडधाकट तरुणांसही होतात, त्यासाठी कोणतीही शक्ती जागी व्हावी लागत नाही. तेव्हा प्रथम रक्त आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तपासणीत काही निघाले तर औषध मिळेल, न निघाले तर एक संशय फिटेल. दोन्ही पक्षी आपला तोटा नाही.

आता शास्त्राकडे वळू, कारण आपल्या स्नेह्यांनी शास्त्राचाच हवाला दिला असणार. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत प्राणायामाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. घाम येणे ही कनिष्ठ, कंप ही मध्यम आणि प्राणाचे स्थैर्य ही उत्तम. म्हणजे ज्या कंपाने आपण भांबावला आहात आणि आपले स्नेही हरखले आहेत, तो त्या ग्रंथाच्या लेखी फार तर वाटेवरचा एक मुक्काम आहे. उलट पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात व्याधी, संशय, आलस्य, भ्रांतिदर्शन इत्यादी नऊ अंतराय सांगून झाल्यावर त्या विक्षेपांचे जे चार सोबती मोजले आहेत, त्यांत दुःख, दौर्मनस्य आणि श्वासप्रश्वासाची अनियमितता यांच्या पंक्तीला 'अंगमेजयत्व', म्हणजे अवयवांचे कापणे, बसविलेले आहे. एकच थरथर एका आचार्याच्या दप्तरी प्रगतीच्या खाती जमा आहे आणि दुसऱ्याच्या दप्तरी विघ्नाच्या खाती नावे पडली आहे. यावरून आम्ही एवढेच अनुमान काढतो की, कंपावरून कोणाचीही योग्यता ठरविता येत नाही. आसनावर काय घडले याचा दाखला आसन सोडल्यावरच्या बावीस-तेवीस तासांत शोधावा लागतो. त्या तासांत आपणांस अन्न जात नाही आणि झोप येत नाही. मग शक्ती जागी झाली असेल वा नसेल, शरीराची फिर्याद मात्र स्पष्ट आहे.

त्याच हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत अत्याहार आणि वाचाळपणा असणार हे कोणीही ओळखील. परंतु 'प्रयास' आणि 'नियमाग्रह' हीही नावे त्या यादीत आहेत, हे पुस्तिकावाल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अतिश्रम आणि नियमाचा हट्ट हे योगाचे सहायक नसून मारक आहेत, असे खुद्द हठयोगाचा ग्रंथ बजावतो. प्राणाला रानटी श्वापदासारखे हळूहळू वश करावे, घाई केल्यास तो साधकावरच उलटतो, आणि अयुक्त अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, शिरःशूल आणि कान-डोळ्यांची दुखणी जडतात, असेही तेथे आहे. आरंभीच्या अभ्यासकाळात दूधतुपाचे जेवण प्रशस्त मानले आहे. पुस्तिकेत या मजकुराचे पान असेल तर उघडून पाहावे. नसेल, तर ती पुस्तिका रद्दीत घालण्यास हरकत नाही.

आपल्यासारखाच एक सरकारी कारकून या वाटेवर भाजून निघाला, त्याचे चरित्र आपण अवश्य वाचावे. पंडित गोपी कृष्ण हे काश्मिरी गृहस्थ. महाविद्यालयीन परीक्षेत अपयश आले त्या शल्यापोटी त्यांनी आत्मसंयमनासाठी ध्यान आरंभिले, सुमारे सतरा वर्षे गुरूवाचून एकट्याने चालविले, आणि 1937 च्या डिसेंबरात जम्मू येथे बसले असता त्यांना कण्यातून तेजाचा लोट मस्तकात शिरल्याचा अनुभव आला. पुस्तकविक्रेते येथवरचाच भाग रंगवून सांगतात. पुढची हकीकत अशी की, अंगाची आग, अन्नाची शिसारी, निद्रानाश आणि बुद्धिभ्रंशाचे भय यांनी त्या गृहस्थांस मृत्यूच्या दारापर्यंत नेले, आणि पूर्ववत होण्यास त्यांची पुढील कित्येक वर्षे खर्ची पडली. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी हे दोन्ही भाग सारख्याच प्रामाणिकपणे मांडले आहेत. कुंडलिनीवरची त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत टिकली, पण तिची किंमत त्यांनी लपविली नाही. ही प्रामाणिकता आम्हांस त्या तेजाच्या लोटाहून अधिक मोलाची वाटते.

राहता राहिली अनर्थाची धमकी. ज्ञानदेव स्वतः नाथपंथाचे अनुगृहीत. कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन त्यांनी गीतेवरील टीकेच्या सहाव्या अध्यायात केले आहे, तसे मराठीत दुसरे नाही. तेच ज्ञानदेव बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या मागे लागलेल्या योग्यांचे क्लेश एकेक करून दाखवितात आणि भक्तांना त्या खडतर वाटेची गरज नाही असे सांगतात. आणि साधना अर्ध्यावर सुटली तर साधक दोहीकडून नष्ट होतो काय, ही आपल्या स्नेह्यांची शंका अर्जुनाने त्या सहाव्या अध्यायातच विचारून ठेवली आहे. भगवंतांनी तिला नि:संदिग्ध नकार दिला आहे. भगवंतांचा हवाला असताना स्नेह्यांच्या धाकाची पर्वा का करावी? भस्त्रिका व कुंभक आजपासून बंद. दोन्ही वेळा जेवावे, रात्री तळपायांना तेल चोळावे, पहाटे बैठकीऐवजी मोकळ्या हवेत चालावे, आणि नाम घ्यावयाचे ते मोठ्याने घ्यावे. प्रकृती पूर्ववत झाल्यावर पुन्हा बसण्याची इच्छा झालीच, तर जाणत्या माणसाच्या समक्ष बसावे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापून उड्डियान, नौली आदी क्रिया क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या कसोटीस लावल्या. योग हा परीक्षेस भिणारा विषय नाही, हे त्यामुळे आपल्या प्रांतात तरी केव्हाच सिद्ध झाले आहे.

शंका : गतवर्षी आई गेली. तेव्हापासून डोळे मिटून बसले की रडू कोसळते, आणि उठल्यावर दिवसभर चीड येते. ती बहुधा सुनेवर निघते. आमच्या ध्यानवर्गातील ताई म्हणतात, हे पूर्वसंस्कार जळत आहेत, जळू द्या. दुसऱ्या म्हणतात, एवढी आसक्ती असणारीने ध्यानाला बसूच नये. मी अपात्र आहे काय?

समाधान : आपली आई गेली म्हणून आपणांस रडू येते. याला पूर्वजन्मीचे संस्कार कशाला हवेत? दिवसभर स्वयंपाक, बाजार आणि पाहुणे यांच्या गर्दीत ज्या दुःखाला बसावयास जागा मिळत नाही, ते आपण निवांत बसलात की येऊन शेजारी बसते. त्याला विघ्न म्हणून हाकलणे जितके निर्दयपणाचे, तितकेच त्याला सिद्धीचे लक्षण म्हणून मिरविणे अप्रामाणिकपणाचे. बाई, आपण रडावे. दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. त्यांच्या गाथेत पांडुरंगाशी केलेले भांडण, निराशा, स्वतःविषयीचा तिटकारा हे सारे जसेच्या तसे उतरले आहे, आणि वारकऱ्यांनी ते अभंग गाळून गाथा 'शुद्ध' केली नाही. आसक्ती असणारीने बसू नये असे म्हणणाऱ्या ताईंना गाथेची निम्मी पाने फाडावी लागतील.

सुनेची गोष्ट मात्र निराळी, आणि तेथे आम्ही आपली बाजू घेणार नाही. आपल्या साधनेचा खर्च तिने का सोसावा? संस्कार जळत आहेत म्हणून शेजारच्या माणसाला चटके बसले तरी चालतील, असा परवाना कोणत्याही परंपरेत आढळत नाही. ताटीच्या अभंगांमागची आख्यायिका आपणांस ठाऊक असेल. लोकांच्या टोचणीने खिन्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, आणि धाकटी मुक्ताई दाराबाहेर उभी राहून त्यांना विनवू लागली. तिने थोरल्या भावाच्या रागाला योगाचे नाव देऊन गौरविले नाही, की तेवढ्यावरून त्याला अपात्रही ठरविले नाही. संताने कसे असावे याची आठवण देऊन दार उघडण्याचा हट्ट तेवढा धरला. आपल्या घरात मुक्ताईचे काम करणारे कोणी असेल तर त्याला ते करू द्यावे, आणि ती सूनच असली तर आपले भाग्य थोर.

व्यवहारात एवढे करा. डोळे मिटून बसण्याचा वेळ निम्म्याने कमी करून तो वेळ आईविषयी कोणाशी तरी बोलण्यात घालवा. बहीण असल्यास तिच्याशी, कारण तिचीही आई गेली आहे. पतंजलींनी चित्तप्रसादनासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा सांगितल्या, त्यांतली करुणा पहिल्या प्रथम स्वतःवर आणि लगेच सुनेवर करून पाहा. आणि सकाळी अंथरुणातून उठवेनासे झाले, अन्नपाणी सुटले, किंवा 'आपणही आईकडे जावे' असे विचार मनात येऊ लागले, तर त्याच दिवशी घरातल्यांना सांगून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्या अवस्थेत ध्यानाने बरे वाटेल अशी वाट पाहात बसणे धोक्याचे आहे.

शंका : इगतपुरीच्या विपश्यना शिबिरास जाण्याचे योजिले आहे. दहा दिवस शिबिर न सोडण्याची हमी घेतात असे ऐकतो. मध्येच भयाने जीव घाबरला आणि उठून आलो, तर पाप लागेल काय? मी पूर्वी मानसिक आजारासाठी औषधे घेत होतो. ते अर्जात लिहावे काय?

समाधान : लिहावे, आणि सविस्तर लिहावे. अर्जात पूर्वीच्या मानसिक आजाराची व चालू औषधांची चौकशी असते ती शिरस्त्यापुरती नाही. दहा दिवसांचे मौन आणि दिवसाकाठी दहाएक तासांची बैठक हा प्रयोग सर्व प्रकृतींना सारखा मानवत नाही, हे शिबिर चालविणाऱ्यांस अनुभवाने कळले आहे. आजार दडवून प्रवेश मिळविणे ही बढती नव्हे. चालू औषध असेल तर डॉक्टरांच्या संमतीवाचून एक गोळीही चुकवू नये. हमीविषयी म्हणाल, तर ती मनाच्या चंचलपणाविरुद्ध घेतलेली असते. तिसऱ्या दिवशी घरचा चहा आठवला म्हणून उठणे वेगळे. सलग रात्री झोप नाही, भय आवरत नाही, आवाज ऐकू येतात, अशा स्थितीत आचार्यांना स्पष्ट सांगून परतणे वेगळे. दुसऱ्यात पाप नाही.

शंका : एक महाराज शक्तिपात करतात. दीक्षेसाठी भली मोठी रक्कम मागतात, आणि दीक्षेनंतर झालेला त्रास बाहेर सांगितल्यास शक्ती निघून जाईल असे बजावतात. पत्नीला त्यांच्यापाशी नेऊ काय?

समाधान : नेऊ नये. शक्तिपाताची परंपरा खरी की खोटी, या वादात शिरण्याचे येथे कारणच नाही, कारण त्या परंपरेतच आपणांस माप मिळते. पुण्याचे गुळवणी महाराज शाळेत चित्रकला शिकवून पगारावर राहिले. त्यांच्याकडे लोक दीक्षेसाठी येत, पण तिचा बाजार त्यांनी मांडला नाही. रकमेपेक्षाही आम्हांस ती गुप्ततेची अट अधिक खटकते. मंत्र गुप्त ठेवावा हे समजू शकते. त्रास गुप्त ठेवावा याचा लाभ त्रास देणाऱ्यावाचून कोणाला होणार? जे आधीच पैसे भरून बसले असतील त्यांनी पावती मागावी, आणि दीक्षेनंतर घरातले माणूस हसेनासे, जेवेनासे, झोपेनासे झाले असेल तर महाराजांना न विचारता डॉक्टरांना विचारावे.

शंका : ध्यान रात्री करावे की पहाटे?

समाधान : झोप शाबूत असेल तर कधीही. नसेल तर दुपारी, आणि थोडे.