वर्णन कोणते, प्रमेय कोणते?
(निसर्गवर्णनातील अलंकार ओळखण्याविषयी)

शास्त्रवचन आणि काव्यवचन या दोहोंचा अर्थ एकाच रीतीने लावता येत नाही, हे आपल्या पंथातील अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. तरीही डोंगर, नदी, वृक्ष, मेघ यांचे वर्णन आले की भलेभले वाचक घोटाळ्यात पडतात. जेथे अलंकार आहे तेथे त्यास सिद्धान्त समजतात, आणि जेथे शास्त्राने सरळ सांगितले आहे तेथे 'ही कवीची कल्पना' असे म्हणून मोकळे होतात. पहिल्या चुकीने भ्रम वाढतो, दुसरीने आचार मोडतो. दुसरी मला अधिक घातक वाटते. यास्तव या लेखाचा बराच भाग तिच्याकडेच जाईल.

आधी ओळखण्याची रीत पाहू. चोपडे परिसरात उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी. तापीकाठचा शेतकरी सहज म्हणतो, 'आमचे शेत तापीवर आहे.' प्रवाहावर शेत असणे शक्य नाही, म्हणून 'तापी' या शब्दाचा मुख्य अर्थ येथे अडतो आणि आपण 'तापीचा काठ' असा अर्थ घेतो. संस्कृत पाठशाळांत गंगेवरील गवळवाड्याचे उदाहरण देऊन हीच लक्षणा शिकवितात. यातील गमक एवढेच की, मुख्यार्थाचा बाध झाल्यावाचून लक्ष्यार्थाकडे जाण्याचा अधिकार वाचकास नाही. शब्दाचा सरळ अर्थ जोवर उभा आहे, तोवर तोच घ्यावा. पुढील सर्व विवेचन या एका नियमावर टेकलेले आहे.

काही अलंकार इतके जुने झालेले असतात की ते अलंकार आहेत याची आठवणही राहत नाही. डोंगराचा पायथा, डोंगराची सोंड, नदीचे पात्र, उसाचा डोळा हे सर्व उसने घेतलेले शब्द होत. आमच्याकडे केळीच्या घडास फण्या असतात. त्या फणीने कोणी केस विंचरीत नाही. 'सातपुडा' या नावातच सात पुडांची, म्हणजे घड्यांची कल्पना आहे. अशा ठिकाणी अलंकार शोधून पांडित्य दाखविण्यात हशील नाही. मात्र केळीच्या 'पिला'पाशी थोडे थांबावे. घड कापल्यावर मूळ झाड संपते आणि त्याच्याच कंदातून निघालेले पिल पुढे बाग धरते. तेव्हा 'पिल' हा शब्द उपमेने आला, की वस्तुस्थितीच तशी आहे म्हणून आला? मला तरी तो अर्ध्याहून अधिक सरळ अर्थाचाच वाटतो.

कधी शब्दाच्या रूपानेच फसगत होते. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हाच्या पावसास लोक 'हत्तीचा पाऊस' म्हणतात. नक्षत्र हाताचे, हत्तीचे नव्हे. परंतु शब्द झिजून हत्ती झाला आणि मग भोंडल्याच्या पाटावरही हत्तीच आला. पावसाचा जोर पाहून ही उपमा दिली असावी असे ऐकणाऱ्यास वाटते, पण मुळात तेथे उपमा नव्हती. उलट पुनर्वसूचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा', हे मात्र खरे चेतनगुणारोपण होय.

काव्यात उपमा आणि उत्प्रेक्षा आपली ओळख स्वतःच देतात. जैसा, तैसा, परी, सम हे शब्द आले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे आले की उत्प्रेक्षा, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. अडचण रूपकाची आणि चेतनगुणोक्तीची. तेथे असा खुणेचा शब्द नसतो, आणि म्हणून क्रियापदाकडे पाहावे लागते. येथून तापी ओलांडली की धरणगाव. तेथे १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, जन्मले. त्यांच्या 'फुलराणी'त कळीचे किरणाशी लग्न लागते. ती चेतनगुणोक्ती लपत नाही. 'औदुंबर' ही आठच ओळींची कविता मात्र अभ्यासण्याजोगी आहे. तीत टेकडी, गाव, शेतमळे, पायवाट, डोह यांचे चित्र, एखाददुसरा शब्द सोडल्यास, डोळ्यांना दिसते तसे आहे. शेवटी झाडाला माणसाचे एक क्रियापद लागते आणि सारे चित्र पालटते. कोणी त्या झाडात विरक्त पुरुष पाहिला, कोणी उदासीनता पाहिली. पाहोत. परंतु कवीने सांगितले ते एवढेच की झाड बसले आहे. उरलेले वाचकाने आणले. आपण काय आणले आणि ग्रंथात काय होते, हे ज्यास वेगळे ठेवता येते त्यासच मी वाचक म्हणेन.

आता आचाराच्या प्रश्नाकडे वळू. येथील एका निरूपणानंतर एका श्रोत्याने शंका काढली. रस्त्यालगतचा एक जुना कडुनिंब तोडला गेला होता आणि खोडाच्या जखमेतून डिंक गळत होता. ते पाहून एक वृद्ध बाई म्हणाल्या, 'झाड रडलं, आणि मेलं.' श्रोत्याचे म्हणणे असे की, हे दोन्ही बोलणे भावनेचे. झाडास कोठले रडणे आणि कोठले मरणे?

समाधान असे की, त्या दोन शब्दांचा दर्जा एक नाही. 'रडले' हा अलंकार. डोळे नाहीत, अश्रू नाहीत. मुख्यार्थ अडतो, आणि डिंकाच्या थेंबांचे अश्रूंशी असलेले साम्य एवढाच अर्थ उरतो. 'मेले' येथे मात्र मुख्यार्थ कशानेही अडत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांच्या विचारात स्थावर योनीतील जीव हाही जीवच होय. तेव्हा त्या बाईंच्या एका वाक्यात अर्धे काव्य होते आणि अर्धे शास्त्र. जो दोन्ही काव्य समजतो तो पुढे जाताना हात उगीच लांबवून डहाळी मोडील आणि त्यास काहीच वाटणार नाही. जो दोन्ही शास्त्र समजतो तो झाडांच्या अश्रूंची प्रवचने करू लागेल. पहिल्याची हानी मोठी, कारण अहिंसेचा नियम त्याने 'कल्पना' या एका शब्दाखाली पुरून टाकला.

हीच गोष्ट लीळांची. पारधी मागे लागलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला आणि स्वामींनी त्याचे रक्षण केले, ही लीळा सर्वांस परिचित आहे. अलीकडे काही निरूपणकार तिचे रूपक करतात: ससा म्हणजे जीव, कुत्री म्हणजे विकार, पारधी म्हणजे काळ. ऐकावयास गोड लागते. परंतु म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिले ते लीळा पाहिलेल्यांकडून विचारून, पडताळून. तेथे ससा हा ससाच आहे. भिऊन पळणारा, धाप लागलेला, कान मागे पडलेला प्राणी त्या रूपकात नाहीसा होतो आणि त्याबरोबर त्याच्यावरील दयाही. मुख्यार्थ जराही न अडता त्यास बाजूस सारणे हा ग्रंथावर अन्याय होय. रूपक सांगायचेच असेल तर ते आपले म्हणून सांगावे, लीळेचे म्हणून नव्हे.

याचा अर्थ आपल्या पूर्वसूरींस अलंकारांचे वावडे होते असा नव्हे. साती ग्रंथ उघडून पाहावेत. भास्करभट्ट बोरीकरांनी १४ व्या शतकाच्या आरंभी 'शिशुपालवध' रचले तेव्हा ग्रंथ उत्तम झाला, परंतु निवृत्तांस योग्य नाही, असा अभिप्राय गुरुबंधूंनी दिला, आणि मग भास्करभट्टांनी 'उद्धवगीता' लिहिली, अशी परंपरा आहे. या अभिप्रायाचा काहीजण फार उथळ अर्थ करतात, जणू त्यात काव्यद्वेष आहे. वस्तुतः अलंकारयुक्त वर्णन मनास कोठे नेते, याची ती चिकित्सा होती. शृंगाराच्या ओघात वसंत आला की तो केवळ ऋतू राहत नाही. फूल, कोकिळ, वारा हे सर्व विषयाकडे बोट दाखवू लागतात. उपमान कोणते निवडले यावरून मन कोठे ओढले जाणार हे ठरते. निवृत्त साधकाने उपमेय ओळखून थांबू नये, उपमानाकडेही सावधपणे पाहावे.

अलंकाराचे सर्वांत मोठे वैभव मला 'ऋद्धिपूरवर्णना'त दिसते. नारायण व्यास बहाळिये यांची वाणी (बहाळिये हे नाव ऐकताच खानदेशातल्या माणसास बहाळ आठवल्यावाचून राहत नाही) श्रीगोविंदप्रभूंच्या चरणांनी पावन झालेल्या भूमीतील पाषाणांस आणि वृक्षांसही धन्य मानते. आता याच ऋद्धिपुराची नोंद मुनिव्यासांच्या 'स्थानपोथी'तही आहे. तेथे धन्यता नाही, उपमा नाही. अमुक देऊळ, त्याच्या अमुक दिशेस अमुक स्थान, एवढेच. एकाच गावाची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचणे हा विद्यार्थ्यास अलंकार शिकविण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मी तसेच शिकवितो. स्थान शोधावयास निघालेल्याने स्थानपोथी घ्यावी. तेथे पोहोचल्यावर काय वाटावयास हवे, हे बहाळिये सांगतील. एकाचे काम दुसऱ्यास सांगितले की दोघेही निरुपयोगी होतात.

'सह्याद्रिवर्णना'विषयी एक सूचना. नावावरून कोकणच्या माथ्यावरील डोंगररांगेचे वर्णन अपेक्षून नवा वाचक ते उघडतो. पंथीय परिभाषेत सह्याद्री म्हणजे माहूरचा डोंगर, आणि रवळोबासांच्या ग्रंथाचा विषय डोंगर नसून श्रीदत्तात्रेयप्रभू आणि अन्य अवतार हा आहे. येथे कोणताही अलंकार नाही. केवळ नाव कळले नाही म्हणून गोंधळ होतो.

दृष्टान्ताचे प्रकरण थोडे निराळे. केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी आहे. अलंकार कोठे संपतो आणि प्रमेय कोठे सुरू होते, ही सीमा तेथे ग्रंथकारानेच आखून दिली आहे. हत्ती चाचपणाऱ्या जात्यंधांचा दृष्टान्त घ्या. ज्याच्या हातास जो अवयव लागला, त्याने त्यासच हत्ती मानले. साम्य आहे ते एवढ्या अंशापुरते. परमेश्वरास सोंड कोणती, शेपूट कोणते, असे कोणी विचारू लागला तर तो दृष्टान्त समजलाच नाही. दृष्टान्त एकदेशी असतो, म्हणजे एकाच अंशाने लागू पडतो.

शेवटी येथल्याच एका स्थळाविषयी. चोपडे तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवाचे उष्ण पाण्याचे झरे आहेत. 'ऊन' हा शब्द 'उष्ण'पासून आलेला; नावाचा पहिला भाग पाण्याचा गुण सांगतो आणि दुसरा त्यास देव म्हणतो. पहिला सरळ अर्थाने घ्यावा, पाण्यात हात घालताच त्याची प्रतीती येते. दुसऱ्याचा विचार करताना चार पदार्थांपैकी आपण कोणत्याविषयी बोलत आहोत हे आधी ठरवावे. पाणी हे प्रपंचातले. त्याची अधिष्ठात्री देवता मानणाऱ्याचे बोलणे देवतेविषयीचे. त्या दोहोंपैकी कशासही परमेश्वर म्हणणे हे मात्र लक्षणेनेही सिद्ध होत नाही, कारण लक्षणेस मुख्यार्थाशी काही संबंध लागतो. काठाचा प्रवाहाशी तो आहे, म्हणून 'तापीवर शेत' हे बोलणे चालते.