समोरच्याचे मौन

राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात आपले राजकीय मत सांगावे की नाही? विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. पण शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न परका नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी ७ नोव्हेंबर १९१७ रोजी म्युनिक येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात याचे रोखठोक उत्तर दिले. राजकारणाची जागा सभेत, वर्गात नव्हे. सभेत श्रोता उठून वक्त्याला अडवू शकतो. वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते, आणि पुढच्या आयुष्यासाठी त्या वर्गात यावेही लागते. प्रत्येक पक्षाला अडचणीची अशी काही सत्ये असतातच. ती ओळखायला शिकवणे हे शिक्षकाचे काम, असे त्यांचे म्हणणे.

मग मास्तराने काय दगड व्हावे? हॅरॉल्ड लास्की १९२६ पासून १९५० साली मृत्यू येईपर्यंत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. ते समाजवादी होते, मजूर पक्षाचे पुढारी होते, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. आपल्याकडून गेलेली कितीतरी मुले त्यांच्या हाताखाली शिकली. मला वाटते, दोष मतात नाही. उघड मताशी भांडता येते. तेच मत तटस्थतेची शाल पांघरून आले, की भांडायचे कोणाशी?

हाच प्रश्न वर्गाबाहेर, संशोधनातही उभा राहतो. २०१४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड व डार्टमथ येथील राज्यशास्त्रज्ञांनी माँटॅना राज्यातल्या सुमारे १,००,००० मतदारांना पत्रके धाडली. तेथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश पक्षाचे नाव न लावता निवडले जातात. पत्रकात मात्र कोणता उमेदवार ओबामांच्या जवळचा आणि कोणता रोम्नींच्या, हे एका रेषेवर मांडले होते. अशा माहितीने मतदान वाढते का, हे त्यांना पाहायचे होते. संशोधनाचा उल्लेख पत्रकात होता. पण त्यावर राज्याची मुद्राही होती. बोभाटा झाला, आणि दोन्ही संस्थांच्या अध्यक्षांनी मतदारांची जाहीर क्षमा मागितली.

ज्ञान वाढवण्याचा हेतू खोटा होता असे मी म्हणत नाही. पण प्रयोगशाळेतली परीक्षानळी धुऊन पुन्हा वापरता येते. झालेली निवडणूक धुता येत नाही. आणि तुमच्यावर प्रयोग करू का, असे त्या मतदाराला कोणी विचारले नव्हते. बाकावरच्या मुलालाही कोणी विचारत नाही. दोघांचे मौन म्हणजे संमती, असे धरून चालण्यातच खरा अन्याय आहे. राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला आणि शोधणाऱ्याला मत असावे; मात्र समोरच्याला ‘मला हे पटत नाही’ म्हणायची जागा त्याने राखली पाहिजे.

माझ्या आठवीच्या वर्गालाही हीच कसोटी लागू आहे. माझ्या मताविरुद्ध, पण कारणे देऊन लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुणही कापला जाऊ नये. बोलायला हे सोपे आहे. पेपर तपासताना लाल पेन्सिल धरलेल्या हाताला विचारावे.