फुटला की फोडलास?

लहानपणी घरात कप फुटला की आईचा प्रश्न ठरलेला असायचा, "फुटला की फोडलास?" मराठी क्रियापदांची ही गंमत तेव्हाच कळली होती. कप फुटतो, दोरी तुटते, खिळा निघतो. नाहीतर कुणीतरी कप फोडतं, दोरी तोडतं, खिळा काढतं. पहिल्या वाक्यांत माणूस नसतो, दुसऱ्यांत असतो. या एवढ्याशा फरकात किती नैतिक वजन आहे, हे कळायला मात्र मला इथे अमेरिकेत, आमच्या प्रयोगशाळेतल्या एका कॉम्प्युटरसमोर दोन रात्री काढाव्या लागल्या.

तो कॉम्प्युटर मायक्रोस्कोपला जोडलेला आहे. यूएसबीचे पोर्ट कमी पडत होते म्हणून मी त्यात चार पोर्टचं एक एक्स्पान्शन कार्ड बसवलं. दिवसभरात घेतलेल्या प्रतिमा संध्याकाळी दोन एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करायच्या, हे काम एका अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्याकडे दिलं होतं. महिनाभरात तीनदा कॉपी अर्धवट राहिली आणि डिस्क स्क्रीनवरून गायब झाली. तिसऱ्यांदा तर डिस्कची फाइल सिस्टीमच बिघडली आणि डेटा परत मिळवण्यात आठवडा गेला. तिन्ही वेळा पाळी त्याच मुलाची होती.

मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे १५७ क्रमांकाची नोंद होती. डिस्क 'सरप्राइज रिमूव्ड' झाली, असं त्यात म्हटलं होतं. मनातल्या मनात मी त्याचं मराठी केलं, 'डिस्क अचानक काढली गेली.' काढली गेली म्हणजे कुणीतरी काढली. मला कर्ता मिळाला होता. मी आमच्या प्राध्यापकांना ईमेल लिहिली की हा मुलगा इजेक्ट न करता डिस्क ओढून काढतो, आणि त्याचं काम दुसऱ्याला दिलं. त्यालाही समजावून सांगितलं, अगदी गोड शब्दांत. "मी हात लावला नव्हता," असं तो एकदाच म्हणाला. पुन्हा काही बोलला नाही.

नंतर काही आठवड्यांनी मी स्वतः कॉपी करत बसलो असताना डिस्क डोळ्यांदेखत गेली. माझे दोन्ही हात कॉफीच्या मगाभोवती होते.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, पोर्ट बदलला, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, ड्रायव्हर नव्याने टाकला. शेवटी कॅबिनेट उघडलं. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून कार्डाला ३.३ आणि १२ व्होल्ट मिळतात, यूएसबीला लागतात ५. त्यासाठी या कार्डावर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडायची एक जागा होती. ती रिकामी होती. त्या वायरशिवायही कार्ड चालत होतं, पण जेमतेम. यूएसबी ३.० च्या एका पोर्टवरून डिस्क ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेऊ शकते. एक डिस्क निभावून जायची; दोन एकदम फिरायला लागल्या की व्होल्टेज पडायचं आणि डिस्क निघून जायची. नोंद खरीच होती. डिस्क न सांगता गेली, एवढंच यंत्राला म्हणायचं होतं. हात मी घातला.

आणि त्याच मुलाच्या पाळीला का? कारण दोन्ही डिस्कवर एकाच वेळी कॉपी करा ही माझी सूचना तो एकटाच पाळत होता. बाकीचे एका डिस्कवर उरकून घरी जात होते.

सैल जोडणीचा याहून मोठा किस्सा भौतिकशास्त्रात प्रसिद्ध आहे. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं की सर्नहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासोला निघालेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले. चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असं आवाहनही केलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये कळलं की जीपीएसची वेळ आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. प्रकाश कमी पोचत होता, सर्किटला सिग्नल उशिरा कळत होता. घड्याळ मागे राहिलं, म्हणून न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसले. पुढे प्रकल्पाचे प्रवक्ते अंतोनियो एरेदितातो यांनी पद सोडलं. ज्या हाताने तो कनेक्टर बसवला, त्या हाताचं नाव मी कुठे वाचलं नाही. ते वाचायला मिळालं नाही, हे मला आता बरं वाटतं.

संशय घेणं हा तपासाचा भागच आहे, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. केबलवरही संशय घेतलाच की. पण संशयाने केबलचं काही बिघडत नाही. ती ठीक निघाली की परत जागेवर लावता येते. माणूस असा परत जागेवर लागत नाही. व्हिसावर राहणाऱ्याला वरिष्ठाच्या एका ओळीचं वजन पुरतं माहीत असतं. मलाही होतं, तरी मी ती ओळ लिहिली. म्हणून तपासाचा क्रम नुसता सोयीचा प्रश्न नाही. ज्यांना संशयाने इजा होत नाही अशा वस्तू आधी, मग आपलं स्वतःचं काम, आणि दुसरा माणूस सगळ्यांत शेवटी.

यावर कुणी म्हणेल, मग काय नेहमी वायरलाच दोष द्यायचा? 'सिस्टीममध्ये प्रॉब्लेम होता' या वाक्यामागे सगळे लपतात, हे ऑफिसात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आक्षेप योग्य आहे. वायरच्या टोकाशीही शेवटी माणूस असतोच. इथे तो मी होतो. प्राध्यापकांना लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य उमटलं ते असं: 'कार्डाची पॉवरची वायर जोडायची राहिली होती.' राहिली होती! स्वतःची पाळी आल्यावर मला कर्ता नसलेलं क्रियापद लगेच सापडलं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'मी वायर जोडली नव्हती.' दुसऱ्याबद्दल बोलताना 'फुटला' पासून सुरुवात करावी आणि स्वतःबद्दल 'फोडला' पासून. आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो.

जी तक्रार ईमेलने गेली होती तिची माफीही त्याच ईमेलच्या धाग्यात, सगळ्यांसमोर मागितली. मग त्या मुलाला भेटलो. त्याने ऐकून घेतलं, ती वायर कुठे लागते ते दाखवायला सांगितलं, वाकून पाहिलं. पुढच्या सेमिस्टरसाठी त्याने दुसरी लॅब आधीच ठरवली होती.

आईच्या प्रश्नाचा तेव्हा राग यायचा. पण ती विचारून उत्तरासाठी थांबायची. मी त्या मुलाला विचारलंच नव्हतं.