चौपन्न टक्के

कर्त्याच्या पदरी पडणाऱ्या फळात त्याचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न आपल्याकडे मीमांसकांपासून लोकमान्यांपर्यंत अनेकांनी आपापल्या परीने हाताळला. 'गीतारहस्या'त तर कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयांना मिळून एक स्वतंत्र प्रकरणच दिलेले आहे. त्याच प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीच्या दप्तरात, तेही चक्क आकड्यांत, नोंदलेले सापडावे ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु त्या आकड्यांनी माझी जितकी मनोभूमी ढवळली तितकी पुष्कळशा भाष्यग्रंथांनी ढवळलेली नाही.

ही हॉकी बर्फावरची. तिचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो आणि एप्रिलात संपतो. शुक्रवारी रात्री एक आणि शनिवारी रात्री दुसरा, असे बहुधा एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन सामने खेळत संघ चौतिसाच्या आसपास सामन्यांचा पल्ला गाठतात. सहा मंडळे आहेत. मार्च महिन्यात प्रत्येक मंडळ आपली स्वतंत्र बाद फेरी भरवते आणि तिच्या विजेत्यास राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ही राष्ट्रीय स्पर्धा प्रथम झाली तेव्हा तीत अवघे चार संघ होते. २००३ पासून सोळा असतात. पैकी सहा जागा मंडळविजेत्यांच्या. उरलेल्या दहा हंगामभराच्या कामगिरीवर ठरतात. सोळा संघ चार ठिकाणी खेळून चारांवर येतात, आणि ते चार एका शहरात जमून अजिंक्यपदाचा निकाल लावतात. या राष्ट्रीय फेरीत एक पराभव झाला की वर्ष संपले. त्यावर अपील नाही.

मी ज्या वर्षाविषयी, म्हणजे २०१५ विषयी, लिहीत आहे त्या वर्षी या दहा जागांच्या निवाड्याच्या मुळाशी एक सूत्र होते. साठेक महाविद्यालये आणि प्रत्येकी चौतीस सामने, म्हणजे सर्वांची सर्वांशी गाठ पडणे अशक्य. आणि दुबळ्यावर मिळवलेला जय बलवानावरील जयाच्या मोलाचा धरावा तर अन्याय होणार. म्हणून संघाचे मूल्य ठरवताना त्याच्या स्वतःच्या जयापजयाला शेकडा २५ इतकेच वजन देत; त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी इतरांशी खेळून जे मिळवले त्याला २१; आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला, ज्यांतील कित्येकांचे तोंडही या संघाने पाहिलेले नसते त्यांच्या कामगिरीला, ५४. परक्या गावी मिळवलेला जय १.२ धरायचा आणि घरचा ०.८, अशीही एक पुरवणी त्यास होती. त्यानंतर दोन-दोन संघ समोरासमोर ठेवून, त्यांच्या आपसांतील आणि समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या निकालांचा तपशील पाहून क्रम लावीत. सूत्रकर्त्यांना केवळ एक व्यावहारिक अडचण सोडवायची होती. तरीही त्यांच्या हातून असे विधान लिहिले गेले की, माणसाच्या श्रेयातील तीन-चतुर्थांश भाग त्याच्या हाताबाहेर घडतो, आणि ते जाणूनही त्याला उरलेल्या चतुर्थांशासाठी दर शुक्रवारी बर्फावर उतरावे लागते.

२०१५ सालच्या मार्चमध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स कॉलेजचा संघ आपल्या मंडळाच्या उपान्त्यपूर्व फेरीत न्यू हँपशायरकडून तीनपैकी दोन सामने हरून बाहेर पडला. त्यानंतरच्या आठवड्यात त्या संघाला करण्यासारखे काहीच नव्हते. इतर गावांत, इतर संघांच्या झुंजींत, कोणी जिंकला आणि कोणी हरला यावर त्याचा प्रवेश मंजूर की नामंजूर हे ठरणार होते. ते निकाल अनुकूल लागले आणि गुणानुक्रमाच्या यादीतील शेवटची जागा प्रॉव्हिडन्सला मिळाली. पुढे तो संघ आपल्याच शहरात मायामीला ७-५ आणि डेन्व्हरला ४-१ असे नमवून बोस्टनला गेला, तेथे ओमाहाला हरवले, आणि ११ एप्रिलच्या रात्री टीडी गार्डनमध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीपुढे उभा राहिला.

येथे एक ऐतिहासिक योग सांगितल्यावाचून मला राहवत नाही. प्रॉव्हिडन्स हे डॉमिनिकन यतींनी १९१७ मध्ये स्थापिलेले महाविद्यालय. त्याच मंडळात खेळणारे बोस्टन कॉलेज जेझुइटांचे. या दोन संप्रदायांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस ईश्वरी कृपा आणि मानवी स्वातंत्र्य यांच्या संबंधावरून प्रचंड वाद पेटला होता. जेझुइट पंडित मोलिना याने १५८८ साली प्रतिपादिले की, माणूस कोणत्या परिस्थितीत आपखुशीने काय करील हे ईश्वर अगोदर जाणतो आणि ते जाणूनच कृपा योजतो, त्यामुळे निर्णय माणसाचाच राहतो. डॉमिनिकन बान्येझचे म्हणणे असे की, माणसाच्या इच्छेलासुद्धा प्रथम गती ईश्वरच देतो, आणि त्या गतीनेही इच्छेचे स्वातंत्र्य नष्ट होत नाही. रोममध्ये वर्षानुवर्षे जाबजबाब झाले. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने निवाडा न देता वाद तहकूब केला आणि एका पक्षाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये असा हुकूम सोडला. या तहकुबीला कोणी दुर्बळता समजेल. मला ती विद्वत्तेहून दुर्मीळ अशी प्रामाणिकता वाटते. आज त्या दोन संप्रदायांची मुले दर हंगामात एकमेकांशी खेळतात, आणि त्यांच्या जयपराजयाची टक्केवारी परस्परांच्या मूल्यात मिसळत राहते.

त्या एप्रिलच्या रात्रीकडे वळू. तिसऱ्या सत्रात बोस्टन युनिव्हर्सिटी ३-२ अशी पुढे होती आणि साडेआठ मिनिटे उरली होती. प्रॉव्हिडन्सच्या एका बचावपटूने मध्यरेषेजवळून चकती उंच भिरकावून दिली. तीत नेम नव्हता की जोर नव्हता, खेळाडू बदलण्यास सवड मिळावी एवढाच हेतू. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या गोलरक्षकाने ती हातमोज्यात अलगद झेलली. मग ती खाली बर्फावर ठेवण्याच्या क्षणी मोज्यातून निसटली, त्याच्या पायांमध्ये पडली, आणि ती कोठे आहे हे त्याला उमगण्यापूर्वीच गोलरेषा ओलांडून गेली. अडीच मिनिटांच्या आत प्रॉव्हिडन्सने आणखी एक गोल केला व सामना ४-३ असा जिंकला. त्यांच्या गोलरक्षकाने त्या रात्री ४९ फटके अडवले होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. नाहीतर त्या निसटलेल्या चकतीला जिंकण्याजोगा सामनाच उरला नसता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला यथार्थ दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. हे वचन आपण बहुधा यशस्वी माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी वापरतो. उदाहरणार्थ, प्रॉव्हिडन्सचे प्रशिक्षक नेट लीमन यांनी पूर्वी युनियन कॉलेजचा संघ २००३ ते २०११ या काळात उभा केला होता. तेव्हा शिष्यवृत्ती देऊन खेळाडू न आणणाऱ्या त्या लहानशा महाविद्यालयाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले ते २०१४ साली, म्हणजे लीमन निघून गेल्यावर, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. पेरणारा एक आणि कापणी करणारा दुसरा, ही विभागणी आपण सहज मान्य करतो.

परंतु तेच वचन अपयशाला लावण्याची वेळ आली की आपण कचरतो, आणि मला ज्याचे वैषम्य वाटते ते हेच. यशाच्या श्रेयात कर्त्याला पाचांतले एकच कारण मानणारा न्याय दोषाच्या वेळी मात्र उरलेली चार कारणे बरखास्त करून सगळा भार एका तरुणाच्या हातमोज्यावर टाकणार असेल, तर तो न्याय नव्हे. तो तरुण जबाबदार नव्हता असे मी म्हणत नाही. चकती त्याच्याच हातात होती. पण त्याच्या संघाला तीनच्या पुढे चौथा गोल करता आला नाही, समोरच्याने ४९ वेळा दार लावून घेतले, त्यानंतरचा गोलही स्वतंत्रपणे व्हावाच लागला. हंगामाचे सूत्र जर जेत्याच्या पात्रतेत त्याने न खेळलेल्या शेकडो सामन्यांचा हिस्सा धरते, तर पराजिताच्या चुकीतही तितकेच भागीदार असले पाहिजेत.

या विचाराचा एक परिणाम बाद फेरीच्या अर्थावरही होतो. दीर्घ हंगाम तोलतो आणि एक रात्र निवडते. या दोन निराळ्या क्रिया आहेत. बोस्टन युनिव्हर्सिटीने त्या हंगामात बोस्टनच्या चार महाविद्यालयांची बीनपॉट स्पर्धा जिंकली होती, मंडळाच्या साखळीत अग्रस्थान आणि पुढे मंडळाचे अजिंक्यपदही मिळवले होते. ११ एप्रिलच्या निकालाने त्यांपैकी एकही नोंद रद्द झाली नाही.