आमदाराला किती मार्क द्यायचे?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात आमदाराला वर्षाला शंभर डॉलर मिळतात. महिन्याला नाही, वर्षाला. १८८९ साली ठरलेला आकडा आजही तोच आहे. राज्याची लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास आणि खालच्या सभागृहात सदस्य तब्बल चारशे. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया: तिथे आमदारकी ही पूर्णवेळची नोकरी आहे, पगार भरपूर आणि हाताशी अभ्यास करून देणारी माणसं. या दोन टोकांच्या मधे कोणतं राज्य कुठे बसतं हे मोजण्यासाठी पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने १९९२ साली एक निर्देशांक मांडला. कृती सोपी आहे. आमदाराचा पगार, अधिवेशनाचे दिवस आणि दर आमदारामागे किती कर्मचारी, हे तीन आकडे घ्यायचे. प्रत्येकाला अमेरिकी काँग्रेसच्या त्याच आकड्याने भागायचं आणि तिन्हींची सरासरी काढायची. उत्तर एकाजवळ आलं तर विधिमंडळ 'व्यावसायिक', शून्याजवळ आलं तर हौशी.

मराठीत हा 'व्यावसायिक' शब्द आला की गडबड होते. डॉक्टरने व्यावसायिक असावं असं आपण म्हणतो, पण राजकारण्याने व्यवसाय केला की तो लगेच 'धंदा' होतो. आमदाराने सेवा करावी, साधं राहावं, एसटीने फिरावं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. त्यांचं नाव निघालं की आजही लोक पहिल्यांदा एसटी सांगतात. पन्नासहून अधिक वर्षं सभागृहात बसून त्या माणसाला नियम, अर्थसंकल्प आणि पाणी यातलं काय काय कळलं असेल, हे दुसऱ्या नंबरवर येतं. खरं तर साधेपणापेक्षा ते दुर्मिळ होतं.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे सगळंच मोजलं जातं: किती टिकिटं बंद केली, किती बग निघाले, किती तास लॉगिन होतो. त्यामुळे कुठलाही निर्देशांक दिसला की मी आधी त्याचा छेद बघतो. स्क्वायरच्या छेदात काँग्रेस आहे. आपण छेदात काय ठेवायचं? दिवसांपुरतं करून बघू. आपल्या राज्य विधानसभा गेली काही वर्षं सरासरी पंचवीस दिवसांच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतात. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ साली मोठ्या विधानसभांसाठी वर्षाला किमान ९० दिवस सुचवले होते. तो छेद धरला तर गुण येतात ०.२८. पहिल्या लोकसभेचे वर्षाला सरासरी १३५ दिवस धरले तर ०.१९. आणि सतराव्या लोकसभेचे सरासरी ५५ दिवस धरले तर ०.४५! सभागृह तेच, कामाचे दिवस तेच, फक्त दिल्लीने कामचुकारपणा केला म्हणून मुंबईचे मार्क वाढले. छेद निवडणं हे गणिताचं काम नाही. आपण कशाला 'पुरेसं' म्हणतो, हे तिथे ठरतं.

आता हे तिन्ही आकडे माझ्या भागात आणून बघतो. मी चंद्रपूरचा. आमच्या जिल्ह्यात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. १९८२ साली आमच्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत तीन: आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी.

आधी पगार. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या आमदारांनी स्वतःचा पगार दुपटीहून जास्त वाढवून दीड लाखाच्या पार नेला, तोही चर्चेशिवाय. घटनेच्या कलम १९५ नुसार आमदारांचं वेतन विधिमंडळच ठरवतं, त्यामुळे बेकायदा काही नव्हतं. चीड येणं साहजिकच होतं. पण पगारच नको म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. इंग्लंडमध्ये खासदारांना १९११ पर्यंत नियमित पगार नव्हता. तो मिळावा ही १८३८ पासून चार्टिस्ट कामगारांची मागणी होती, कारण फुकटात कायदे करणं फक्त ज्याच्या घरी जमीन आहे त्यालाच परवडतं. अहेरीची जागा वर्षानुवर्षं बहुतेक वेळा राजघराण्यातल्या आत्राम मंडळींभोवती फिरत राहिली आहे. २०२४ मध्ये वडील, मुलगी आणि पुतण्या असे तिघं एकमेकांसमोर उभे होते. लोकांनी मतं देऊन निवडलंय, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र निवडून आल्यावर मिळणारा पगार एटापल्लीच्या एखाद्या माडिया शिक्षकाला निवडणुकीला उभं करू शकत नाही. तो खर्च आधीचा असतो, आणि स्क्वायरच्या सूत्रात तो कुठेच नाही.

दिवसांचा प्रश्न मला जास्त छळतो. पावसाळी अधिवेशन मुंबईत भरतं, साधारण जून-जुलैमध्ये, कधी ऑगस्टपर्यंत. त्याच दिवसांत भामरागडला पर्लकोटा नदी पुलावर चढते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. बातमी दरवर्षी येते, इतकी नेमाने की तिच्याकडे कुणी बातमी म्हणून बघत नाही. अशा वेळी अहेरीच्या आमदाराने कुठे असावं? आलापल्लीच्या माझ्या मामाला विचारलं तर उत्तर तयार असतं: 'आमचा मानूस आमच्यासंगं पायजे.' मामाचं चूक म्हणवत नाही. पूर आलेल्या माणसाला तुमची तारांकित प्रश्नांची यादी दाखवून काय उपयोग? पण पुलाचं अंदाजपत्रक, त्याची मंजुरी, रखडल्याचा जाब हे सगळं मुंबईतल्या त्या दालनात होतं. आमदार काठावर उभा राहिला तर फोटो येतो. सभागृहात उभा राहिला तर कदाचित पूल येतो, पण चार-पाच वर्षांनी. आपण मतदार फोटोला मार्क देतो.

त्यात अंतराचं बघा. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि आमदार तीन, म्हणजे प्रत्येकी सरासरी ४,८०० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईत सुमारे ६०० चौरस किलोमीटरमध्ये ३६ आमदार, म्हणजे प्रत्येकी सतरा. मतदारसंघ लोकसंख्येवर बेतायचे हे तत्त्व बरोबरच आहे, एका माणसाला एक मत. पण घाटकोपरचा आमदार एका संध्याकाळी जेवढा मतदारसंघ फिरतो, तेवढ्यात आमचा आमदार एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचतो. दोघांनाही अधिवेशनाचे दिवस सारखेच मोजायचे?

नागपूरचं हिवाळी अधिवेशन हे याच अंतरावरचं उत्तर होतं. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेला शब्द होता की वर्षातून एकदा तरी विधिमंडळ इथे बसेल. कागदावर ते काही दिवसांचं अधिवेशन आहे. आमच्या भागातल्या माणसासाठी ते सरकार डोळ्यांनी बघायचे दिवस आहेत. म्हणून तर इतके मोर्चे निघतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाज आदिवासी म्हणून मान्यता मागायला तिथे गेला होता. पोलिसांनी अडवल्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यात कितीतरी बायका आणि लेकरं. विधिमंडळाच्या हिशेबात तोही अधिवेशनाचा एक दिवसच भरतो.

तिसरा आकडा कर्मचाऱ्यांचा, आणि आपली खरी गरिबी इथे आहे. सरकारी खर्चाने आमदाराला एक स्वीय सहायक मिळतो. तो लग्नपत्रिका लावून ठेवतो, फोन घेतो, शिफारसपत्रं टाइप करतो. विधेयक वाचून 'साहेब, कलम चार आपल्या लोकांच्या विरोधात जातंय' असं सांगणारा माणूस सरकार देत नाही. दुसऱ्या बाजूला मंत्र्यांकडे अख्खं मंत्रालय आहे. २०१५ पासून मुख्यमंत्री फेलोशिप आहे, तिच्यात माझ्यासारखी इंजिनिअर पोरं सरकारच्या कामात जातात आणि खूप काही शिकून येतात. म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचे त्याच्याकडे तरुण डोकी, आणि ज्याने विचारायचे त्याच्याकडे लग्नपत्रिका.

पैसा नाही म्हणावं, तर आमदार निधी वर्षाला पाच कोटी आहे. २८८ आमदारांचा मिळून १,४४० कोटी. प्रत्येकाला महिना पन्नास हजारांवर एक अभ्यासक दिला तर वर्षाला १७ कोटी २८ लाख लागतील. पाच कोटींचे सिमेंट रस्ते आणि सभामंडप देताना आपण आमदाराला छोटा कंत्राटदार समजतो. वर्षाला सहा लाखांचा वाचणारा माणूस द्यायचा म्हटलं की तो उधळपट्टी वाटतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनाही १९९० साली असंच वाटलं. त्यांनी आमदारांच्या कारकिर्दींवर मर्यादा घातली आणि विधिमंडळाच्या खर्चाला कात्री लावली. पुढे अभ्यासकांना दिसलं की आमदारांकडून गेलेली ताकद लोकांकडे न येता गव्हर्नर आणि नोकरशाहीकडे सरकली.

न वाचण्याची किंमत आदिवासी भागाला नीट ठाऊक आहे. पेसा कायदा संसदेने डिसेंबर १९९६ मध्ये केला. महाराष्ट्राचे त्याचे नियम आले २०१४ साली. मधल्या सतरा वर्षांत किती अधिवेशनं झाली, किती आमदार आले आणि गेले! दर अधिवेशनात उठून 'नियम कुठेत?' एवढंच विचारत राहायला कुणाला तरी नेमलेलं असतं, तर?

याच गडचिरोलीत वाचणारी एक सभा आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे गावाचं नाव झालं आणि मिलिंद बोकिलांनी त्यावर पुस्तक लिहिलं. घोषणेपेक्षा मला तिथली एक व्यवस्था जास्त भावते. गावात दोन वेगळ्या बैठका असतात. अभ्यास गटात चर्चा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, कायदा वाचायचा, वाद घालायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने.

या अभ्यासाचं फळ बांबूत दिसलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपज म्हटलं होतं, तर १९२७ चा वन कायदा त्याला झाड समजत होता. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वन खातं बांबूच्या वाहतुकीचा पास देईना. गाव मात्र कायद्याच्या शब्दाला धरून राहिलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती गेला. वन कायद्यातली बांबूची व्याख्या बदलायला देशाला २०१७ उजाडलं.

स्क्वायरच्या सूत्रात मेंढ्याला पगाराचे शून्य, कर्मचाऱ्यांचे शून्य. तरी त्याच्याकडे तीच गोष्ट होती जिच्यासाठी हे तिन्ही आकडे मोजायचे: सरकारने न पुरवलेली माहिती, ती पचवायला वेळ, आणि तिच्या जोरावर 'हे असं नाही' म्हणण्याची सोय. मेंढ्याचं मॉडेल उचलून मुंबईत ठेवा असं मी म्हणत नाही. पाचशे माणसं जे करतात ते बारा-तेरा कोटींना जमत नाही, आणि सर्वसहमतीत गप्प बसणाऱ्याचं काय होतं हा प्रश्न मला तिथेही पडतो.

पण मेंढ्यात एका माणसाने हरकत घेतली की निर्णय थांबतो. विधानसभेत पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर १९८५ पासून दहाव्या परिशिष्टाने सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत आमदार पक्षाविरुद्ध मत देतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतो, म्हणून स्क्वायरला हा रकाना लागलाच नाही. आपल्याला लागतो. आमच्या अभ्यासकाने कलम चार कितीही नीट समजावलं तरी आमदाराचा हात कुठे उठणार हे आधीच ठरलेलं असेल, तर सरासरी काढणंच चुकीचं आहे. तिथे गुणाकार करायला हवा, आणि त्या एका शून्यात बाकीचे सगळे गुण जातील.

तरी ते पूर्ण शून्य नाही. प्रश्नोत्तरांवर व्हिप चालत नाही. लक्षवेधी, कपात सूचना मांडणं, अनुसूचित जमाती कल्याण समितीतली साक्ष, रोजगार हमी समितीचे दौरे इथे आमदार बराचसा मोकळा असतो, आणि नेमकं इथेच त्याला वाचलेल्या माणसाची गरज असते. पर्लकोटेच्या पाण्यात कुठल्या महिन्यात किती दिवस रस्ता बंद होता, किती बाळंतिणी अडकल्या, पुलाची फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस होती, हे तारखेनिशी लिहून दिलेला एक कागद. मामाच्या माणसाने जुलैमध्ये मुंबईतच बसावं, पण तो कागद घेऊन. आणि तो लिहून देणारा अहेरीसाठी नेमायचा असेल तर त्याला माडिया यायला पाहिजे, सिरोंच्यासाठी तेलुगूही.